दिवसाची वस्ती

धर्माबादला घर पाहायला माणसं रविवारी येतात. रोज अप-डाऊन करणाऱ्याला मोकळा दिवस तेवढा एकच. गाडीतून उतरलेली ही कुटुंबं स्टेशनाबाहेर लगेच ओळखू येतात. नवऱ्याच्या हातात कागदांची फाईल, बायकोच्या कडेवर लेकरू आणि दोन पावलं मागून, गुडघे सांभाळत येणारी सासू. प्लॉटवाला त्यांना गाडीत बसवतो, रस्त्याची रुंदी दाखवतो, लाइटचे खांब दाखवतो, शाळेसाठी सोडलेली जागा दाखवतो. सुट्टी असल्यामुळे बांधून झालेल्या घरांची दारं उघडी असतात, अंगणात मोटारसायकली धुणं चाललेलं असतं, पोरं क्रिकेट खेळत असतात. वस्ती भरलेली दिसते. चहा होतो, भाव निघतो आणि परतीच्या गाडीआधी इसारही दिला जातो.

रविवारच्या या पाहण्यावर माझा विश्वास नाही. रोज सकाळी गाडी पकडणारा माणूस वस्तीत राहतो ते झोपेपुरता आणि सुट्टीपुरता. कर्ज त्याच्या पगारावर मिळतं, म्हणून घर तो निवडतो. पण सकाळी सातपासून रात्री आठपर्यंत त्या घरात, त्या गल्लीत, त्या शेजारात जे राहतात ते वेगळेच असतात. म्हातारी आई, शाळेतून दुपारी परतणारं लेकरू, नोकरी नसलेली सून, आजारपणातून उठलेला बाप. वस्ती त्यांची असते. म्हणून ती पाहायची तर कामाच्या दिवशी, भर दुपारी, त्यांना सोबत घेऊन पाहावी. माझं सांगणं एवढंच आहे, आणि ते मी माझ्या भाचीच्या घरशोधात पुन्हा पुन्हा सांगितलं.

भाची नांदेडला नोकरी करते, जावई निजामाबादला. एकाची गाडी एका दिशेला, दुसऱ्याची बरोबर उलट दिशेला. मध्ये धर्माबाद. नांदेडकडे उमरी, मुदखेड करत साधारण सत्तर किलोमीटर. निजामाबादकडे त्याहून बरंच कमी, पण ते दुसऱ्या राज्यात. नांदेडला तरोडा, वाडी, कौठा या बाजूंना त्यांनी जागा पाहिल्या. भाव ऐकून आणि जावयांच्या गाडीचे तास मोजून ती दोघं धर्माबादवर आली. घरात तिच्या सासूबाई, म्हणजे माझ्या विहीणबाई, आणि चार वर्षांचा मुलगा.

धर्माबादसारख्या गावावर अशी कुटुंबं येऊन ठेपतात ती रेल्वेमुळे. निजामाच्या काळात, १९०० च्या सुमारास, हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वेचा हा मार्ग मनमाडपर्यंत टाकला गेला आणि गोदाकाठची ही गावं एका दोरीत आली. पुढे मीटरगेज जाऊन ब्रॉडगेज आलं. मराठवाडा एक्सप्रेस धर्माबादहून सुटते ती मनमाडपर्यंत जाते. छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठात तारीख असलेले वकील आणि पक्षकार तिच्यात इतके असतात की लोक तिला हायकोर्ट एक्सप्रेसच म्हणतात. पुढचं स्टेशन बासर, तिथं सरस्वतीच्या देवळात लेकरांना पहिलं अक्षर गिरवायला आणतात. पण ते तेलंगणात. १९५६ ला भाषावार राज्यरचना झाली तोपर्यंत मुधोळ आणि भैंसा हे भाग नांदेड जिल्ह्यातच होते. रेघ ओढली गेली, तरी सोयरिकी आणि बाजार रेघेच्या दोन्ही बाजूंना राहिले. आजही आमच्या गल्लीत एका घरात मराठी, दुसऱ्यात तेलुगू, तिसऱ्यात दखनी उर्दू ऐकू येते, आणि भाजीवालीशी घासाघीस करताना तिन्हींची सरमिसळ होते.

मी याच गावात संसार केला. आमचे हे नांदेडला नोकरीला होते. निवृत्त होईपर्यंत त्यांचं आयुष्य गाडीत गेलं आणि माझं गल्लीत. त्यांचे मित्र डब्यातले होते. पत्ते खेळणारे, भजन म्हणणारे, जागा धरून ठेवणारे. एकमेकांच्या मुलांची लग्नं त्यांनी डब्यात जुळवली. ते खरंच सुंदर जग होतं. पण त्यातला एकही माणूस दुपारी एक वाजता माझ्या दारात येऊ शकत नव्हता.

असंच एका दुपारी सासरे न्हाणीघरात पडले. तोंड वाकडं झालेलं, उजवा हात उचलत नव्हता. घरात मी आणि शाळेतून नुकताच आलेला मुलगा. मी दारात येऊन ओरडले. समोरच्या तेलुगू घरातली अक्का ओट्यावर मिरच्यांचे देठ खुडत बसली होती. तिचे हात तिखटाने लाल झालेले. तिने आधी पदराला हात पुसले, मग माझ्याकडे न येता सरळ गल्लीच्या तोंडाला धावली, कारण तिथं तिच्या दिराचा टेम्पो मिरचीची पोती भरून उभा होता. पोती खाली फेकली गेली. दोन तराजूवाले, एक न्हावी आणि अक्काचा दीर यांनी सासऱ्यांना सतरंजीवर उचललं. टेम्पोत मिरचीची भुकटी उरलेली, दवाखान्यापर्यंत सगळे ठसकत होते. मोबाईल तेव्हा नव्हते. ह्यांना कळलं ते रात्री स्टेशनावर उतरल्यावर, न्हाव्याच्याच तोंडून. सासरे त्यातून उठले, काठी घेऊन चालू लागले आणि पुढे बरीच वर्षं त्याच अक्काच्या ओट्यावर जाऊन बसत. अक्काला मराठी जेमतेम यायचं, सासऱ्यांना तेलुगू मुळीच नाही.

म्हणून भाचीने पहिल्यांदा जागा दाखवायला नेलं तेव्हा मी मंगळवारचा हट्ट धरला. तिने रजा टाकली. विहीणबाईंना आणि नातवालाही सोबत घेतलं. संक्रांत होऊन गेली होती, ऊन अजून सोसण्यासारखं होतं.

पहिली जागा गावाबाहेरच्या नव्या लेआऊटमध्ये. कागदांत खोट नव्हती, आणि मराठवाड्यात ही साधी गोष्ट नाही. इथल्या जमिनीच्या पोटात जुन्या राज्याचे थर असतात. कुठे इनामाची जमीन निघते, कुठे १९५० च्या हैदराबाद कुळवहिवाट कायद्यातलं कूळ निघतं, कुठे सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग-२ असं लिहिलेलं असतं आणि विकणारा ते बोटाखाली झाकतो. १९५४-५५ चं खासरा पत्रक काढून पाहिल्याशिवाय जाणता वकील इथं मान डोलावत नाही. शेतीची जमीन गुंठ्या-गुंठ्याने विकलेली असली तर आणखी गुंता. गुंठेवारीचा २००१ चा कायदा आणि त्यात २०२१ ला झालेली दुरुस्ती यांनी २०२० अखेरपर्यंतच्या पुष्कळ भूखंडांना नियमित होण्याची वाट दिली, पण ती वाट प्रत्येक भूखंडाला लागू पडते असं नाही. हे सगळं वकिलाकडून पुरतं तपासून घ्यावं, त्याची फी देताना हात आखडू नये. या लेआऊटला अकृषिक परवानगी होती, नकाशा मंजूर होता, बँक कर्ज द्यायला तयार होती. जावई खूश होते. रस्ते रुंद, कार दारात लागणार, पुढे-मागे मजला चढवता येणार.

आम्ही पोचलो तेव्हा साडेअकरा झाले होते. घरं पाच-सहा बांधलेली, बाकीच्या प्लॉटांवर सिमेंटच्या खुंट्या आणि वेडी बाभूळ. बांधलेल्या घरांपैकी एक सोडून सगळ्यांना कुलूप. ज्याला नव्हतं तिथं पडदा हलला, दार उघडलं नाही. आत एकटी बाई असावी, अनोळखी माणसांना दार न उघडणं तिचंही बरोबरच. नकाशात हिरव्या रंगाने दाखवलेली खुली जागा मी शोधून काढली. चार हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जागेच्या लेआऊटमध्ये दहा टक्के जागा अशी मोकळी सोडावी लागते. ती सोडली होती, नाल्याच्या कडेला, सगळ्यांत खोल कोपऱ्यात, जिथं प्लॉट विकला गेला नसता. तिथं बांधकामाचा राडारोडा आणि प्लास्टिकच्या पिशव्या होत्या, दोन कुत्री सावलीला पडली होती. नकाशावर बोट ठेवून कोणी बाग म्हणालं की त्या बागेत जाऊन पाच मिनिटं उभं राहावं, असं मी आता ज्याला-त्याला सांगते.

विहीणबाईंना बसायला जागा मिळेना. शेवटी एका बंद घराच्या पायरीवर टेकल्या. नातू त्यांच्या पदराशी. बराच वेळ त्या रस्त्याच्या दोन्ही टोकांकडे पाहत राहिल्या आणि मग भाचीला म्हणाल्या, "इथं कुणाला आवाज द्यायचा गं?"

जावयांनी समजावलं की आई, वस्ती वाढते आहे, दोन-तीन वर्षांत सगळी घरं होतील. होतील, यात मला शंका नाही. पण ती बांधणार कोण? यांच्यासारखीच माणसं. दोघं नोकरीला, दोघं गाडीने जाणारी. घरं वाढतील आणि त्याबरोबर दुपारची कुलपंही वाढतील. सगळेच अप-डाऊनवाले एका ठिकाणी राहायला गेले तर ती वस्ती दिवसा रिकामीच राहणार. मुंबईच्या लोकलवर वाढलेल्या उपनगरांतल्या माणसांना हे नवीन नाही. डोंबिवलीची माझी चुलतबहीण सांगते की त्यांच्या सोसायटीत दुपारी लिफ्ट अडकली तर ओरडणं ऐकायला वॉचमनशिवाय कोणी नसतं.

भाचीची स्वतःची अडचण निराळीच होती, आणि ती तिने मला एकटीला गाठून सांगितली. तिची गाडी पहाटेची. हिवाळ्यात त्या वेळी मिट्ट काळोख असतो. लेआऊटपासून स्टेशनापर्यंतचा रस्ता मधे बराच सुना. दिवे होते, पण दिव्याखाली माणूस नव्हतं. "मावशी, दिव्यांमुळे भीती गेलीय असं मला नाही वाटत," ती म्हणाली. तिचं म्हणणं मला कळलं. पहाटे एकटीने चालणाऱ्या बाईला खांबावरच्या दिव्यापेक्षा चहाच्या टपरीवरचा पेटलेला स्टोव्ह जास्त आधार देतो.

अमेरिकेत जेन जेकब्स नावाची एक बाई होऊन गेली. न्यूयॉर्कच्या हडसन स्ट्रीटवर राहायची. नगररचनेची पदवी तिच्याजवळ नव्हती, पण १९६१ ला तिने शहरांवर जे पुस्तक लिहिलं त्याने नगररचनाकारांना विचार करायला लावला. तिचं म्हणणं असं की रस्ता सुरक्षित ठेवतात ती रस्त्यावर सहज येता-जाता पडणारी नजर, दुकानदाराची, खिडकीतल्या बाईची, पायरीवर बसलेल्या म्हाताऱ्याची. तिच्या गल्लीत माणसं बाहेरगावी जाताना घराची किल्ली कोपऱ्यावरच्या दुकानदाराकडे ठेवत. हे वाचलं तेव्हा मला आमच्या किराणा दुकानाच्या गल्ल्यामागची खिळ्यांची पाटी डोळ्यांपुढे आली. त्या खिळ्यांना कायम कुणाच्या ना कुणाच्या किल्ल्या लटकत. दुकानदार कुणालाही किल्ली द्यायचा नाही. मूल कोणाचं, पाहुणा कोणाचा, हे पाहून द्यायचा.

दुसरी जागा म्हणजे जुन्या वस्तीतलं बांधलेलं घर. स्टेशनापासून चालत दहा-बारा मिनिटं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, वर स्लॅब, मागे छोटं अंगण. गल्ली अरुंद, कार आत येत नाही. उघडी नाली. भिंतीला ओल. जावयांचा चेहरा उतरला, आणि त्यांची बाजू मला खोटी म्हणता येणार नाही. रुग्णवाहिका दारापर्यंत येणार नाही, आग लागली तर बंबाचा पाइप गल्लीच्या तोंडापासून ओढावा लागेल. आमच्या वेळी टेम्पो गल्लीच्या तोंडाशीच होता म्हणून निभावलं. जुनी वस्ती म्हणजे सगळं चांगलं, असं मानण्याचं माझं वय असलं तरी तसं मी मानत नाही.

पण त्या गल्लीत बारा वाजता माणसं होती. तीन ओट्यांवर बायका मिरच्या घेऊन बसलेल्या. धर्माबादची मिरची दूरदूर जाते. खम्मम, वरंगळ, गुंटूरकडून पोती येतात, इथं देठ खुडले जातात, दळण होतं, पूड बांधली जाते. देठ खुडण्याचं काम पुष्कळदा बायकांच्या हाताला असतं. बोटांना आग होते, रात्री खोबरेल लावून झोपावं लागतं. ते काम सोपं नाही, मजुरीही बेताची. तरी त्या कामामुळे ओटे दिवसभर जागे असतात हेही खरं. मिरचीच्या गावात घर घ्यायचं तर वारा पाहावा लागतो. थंडीत तो बहुतेक पूर्वेकडून येतो, ऊन तापलं की पश्चिमेकडून वाहू लागतो. दळणाची गिरणी कोणत्या अंगाला आहे आणि मिरचीचा हंगाम कोणत्या वाऱ्यात येतो, हे घराच्या दिशेपेक्षा मोठं वास्तुशास्त्र आहे. मी गल्लीच्या दोन्ही टोकांना जाऊन उभी राहिले. गिरणी तीन गल्ल्या पलीकडे, उत्तरेला. लेकरू एकदा शिंकलं. हंगाम भरात असताना एवढंच, म्हणजे चालेल असं वाटलं.

पाण्याचं आम्ही बायकांनाच विचारलं, आणि विचारलं ते मे महिन्याचं. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली, तेव्हापासून मराठवाड्यात घर घेणाऱ्याच्या तोंडी पहिला प्रश्न पाण्याचा असतो. पण तो कोणत्या महिन्यात विचारला यावर उत्तर ठरतं. आमच्या तालुक्यात गोदावरीवर बाभळीचा बंधारा आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २८ फेब्रुवारी २०१३ च्या निकालाप्रमाणे त्याचे दरवाजे १ जुलै ते २८ ऑक्टोबर उघडे ठेवायचे, त्यानंतर बंद करायचे आणि १ मार्चला ०.६ टीएमसी पाणी तेलंगणासाठी सोडायचं. बंधाऱ्याची साठवण २.७४ टीएमसी. दिवाळीच्या सुमारास नदी भरलेली पाहून कोणी हरखून जाऊ नये, उन्हाळा लागला की हिशेब बदलतो. बायकांनी सांगितलं की नळ अमुक दिवसांनी येतो, या हापशाला मेअखेरीस दम लागतो, त्या बोअरला पाणी टिकतं पण ते मालकाच्या मर्जीवर. इतकं खरं उत्तर रविवारी कोणी देत नाही. रविवारी उत्तर देणारा प्लॉटवाला असतो.

तेवढ्यात विहीणबाई दिसेनाशा झाल्या. शोधलं तर दुसऱ्या ओट्यावर, एका बाईच्या सुपाशी, देठ खुडत बसलेल्या. ती बाई त्यांना सांगत होती, देठ असा मोडा, नखाने नको, नाहीतर टरफल फाटतं. नातू शेजारच्या अंगणवाडीच्या दारात आत डोकावत उभा.

आता एक गोष्ट, जी घरशोधात सगळे बोलतात पण उघड कोणी बोलत नाही. मधल्या काळात एका मध्यस्थाने जावयांना तिसरी एक वस्ती सुचवली. "चांगली वस्ती आहे साहेब, सगळी आपलीच माणसं." त्याने आडनाव आधीच विचारून घेतलं होतं. मला त्या वाक्याची चीड येते, आणि या वयात ती लपवायची गरज मला वाटत नाही. नांदेड जिल्ह्यात वाढलेल्या माझ्या पिढीला माहीत आहे की वस्त्या वेगळ्या ठेवण्याचा शेवट कुठे होतो. १९७८ ला मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यातल्या गावांत दलितांची घरं जळाली. आमच्याच जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचिराम कांबळे यांना मारलं गेलं. ती घरं वेगळ्या वस्तीत होती, म्हणून नेमकी सापडली. ज्यांच्या घरी कधी चहा घेतला नाही त्यांच्या घरावर दगड टाकायला हात धजावतो. मध्यस्थाच्या तोंडची आपली माणसं माझ्या सासऱ्यांच्या मदतीला आली नव्हती. टेम्पोतल्या सतरंजीची चार टोकं चार जातींच्या आणि दोन धर्मांच्या हातांत होती. शेजार असा मिसळलेला असावा यासाठी मी भाचीशी भांडायलाही तयार होते. भांडावं लागलं नाही. तिनेच त्या मध्यस्थाचा नंबर पुन्हा उचलला नाही.

शेजार विकत मिळत नाही हे मराठवाड्याने आणखी एका प्रसंगी पाहिलं आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. दगड-मातीच्या भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या, सुमारे ८ हजार माणसं गेली. सरकारने, जागतिक बँकेच्या मदतीने, लातूर आणि धाराशिवकडच्या पन्नासहून अधिक गावांचं नव्या जागी पुनर्वसन केलं. घरं भूकंप सोसतील अशी बांधली, रस्ते सरळ आणि रुंद आखले. ते करायलाच हवं होतं, पुन्हा तशा भिंतींखाली कोणी झोपू नये. पण जुन्या गावात भिंतीला भिंत असलेली घरं नव्या गावात लांब-लांब गेली. दारात उभं राहून समोरच्या घराशी बोलायचं तर आवाज चढवावा लागू लागला. पुढे लोकांनी आपल्या हातांनी तिथं पडव्या काढल्या, ओटे घातले, कुंपणात वाट पाडली. माझी एक मैत्रीण तिकडे शिक्षिका होती. तिच्या शाळेतल्या मुलांना गावाचं चित्र काढायला सांगितलं की ती अजून जुन्या गावाचं काढत, वाकड्या गल्ल्यांचं, जे त्यांतल्या धाकट्यांनी पाहिलंही नव्हतं.

घरी परतल्यावर जावई आणि भाची यांच्यात बरेच दिवस बोलणी चालली. जावयांनी कागदावर हिशेब मांडला. लेआऊटमधल्या जागेचा भाव वाढेल, गल्लीतल्या घराचा तितका वाढणार नाही. हे त्यांचं बरोबर होतं. मी त्यांना एवढंच म्हटलं की बापू, तुम्ही भाव मांडलात, आता तास मांडा. त्यांनी खरोखरच मांडले. कोण किती तास घरात जागं असतं. आईचे पंधरा, मुलाचे अकरा-बारा, बायकोचे चार, त्यांचे स्वतःचे तीन-साडेतीन. कागद बराच वेळ त्यांच्या हातात होता. ते भले गृहस्थ आहेत. दुसऱ्या दिवशी त्यांनी गल्लीतल्या घराच्या मालकाला फोन केला.

भिंतीची ओल कुठून येते ते गवंड्याला दाखवून घेतलं. आमची काळी माती पावसात फुगते, उन्हात आकसते आणि मुरमापर्यंत न गेलेल्या पायाला तडे देते. पाया बरा निघाला. ओल नालीमुळे होती. व्यवहार ठरला आणि घर भाचीच्या एकटीच्या नावावर झालं. राहतं घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते, तीही पदरात पडली. जावयांनी जुनी कार विकली, स्टेशनापर्यंत ते चालत जातात.

पहाटे भाची निघते तेव्हा टपरीवरचा चहावाला उठलेला असतो, दूधवाला फिरत असतो, मशिदीकडे जाणारी दोन-तीन म्हातारी माणसं रस्त्यात भेटतात. घराची एक किल्ली किराणा दुकानात असते. विहीणबाई तेलुगूतले आकडे शिकल्या आहेत, कारण ओट्यावर मिरचीचा तोल तेलुगूत मोजला जातो. नालीवर फरशा टाकायच्या म्हणून यंदा पावसाआधी गल्लीने वर्गणी काढली. घरामागे किती हे ठरवताना दोन घरांत जुंपली, ज्यांच्या दारात नाली नाही ते द्यायला तयार नव्हते. वर्गणीची वही विहीणबाईंकडे आहे. परवा गेले तेव्हा चष्मा लावून त्या नावं वाचत होत्या, आणि ज्यांनी अजून दिले नाहीत त्यांच्या घरी जायला मला सोबत चला म्हणाल्या.